सातऐवजी बारा

उदगीरच्या आमच्या गल्लीत
गुन्हा म्हणावा असं काही घडत नाही.
फार तर वाळत घातलेली कुरडई कावळा नेतो
आणि तो कुठला कावळा, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

त्यामुळे त्या दिवशी भिशी उठल्यावर
बरणी विसळायला घेतली
आणि सातऐवजी बारा चिठ्ठ्या हाताला लागल्या,
तेव्हा, खरं सांगते, मला आनंदच झाला.

अकराजणींची भिशी. तिघींची लागून गेलेली.
उरल्या आठ. जिची तिनं चिठ्ठी लिहायची, चौघडी घालायची,
बरणी लोणच्याची (धुतली तरी कैरी आठवत राहते),
आणि काढायला सिलिंडरवाला पोरगा,
कारण गल्लीत त्याचं कुणाशीच नातं नाही.
त्यानं काढली: नसीम.

टाळ्या. मग सुशीला, वर शेव, मग चहा.
नसीमच्या पिको-फॉलच्या मशीनची मोटर
ऐन लग्नसराईत जळाली होती.
बरं झालं बाई, सगळ्या म्हणाल्या.
जरा जास्तच एका सुरात म्हणाल्या.

मी दाराला कडी लावली.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, उजव्यात त्याची तयारी,
म्हणून नातवाचं भिंग काढलं.
बारातल्या चार पुन्हा नसीम!
आता नसीम म्हणजे
मला रोज सुईत दोरा ओवून देणारी,
साडीमागं दहा रुपये मुद्दाम विसरणारी.
तिच्यावर कसा संशय घ्यावा?
घेतला. थोडासा. तपास म्हणजे तपास.

पहिलीवर शिरोरेघ पट्टीनं मारलेली.
जगदेवी मॅडम निवृत्त झाल्या, त्यांची पट्टी नाही झाली.
दुसरी भुवयांच्या पेन्सिलीनं:
अख्ख्या गल्लीच्या भुवया भाग्यरथीच्या हातात.
तिसरीला हिंगाचा वास,
केवळाबाई पापडाच्या पिठावरून तशीच उठून आलेली,
अक्षरंसुद्धा लाटल्यासारखी गोल.
आणि पोरानं काढलेली, बशीखाली ठेवलेली ती?
एसटीच्या तिकिटाची पाठ.
आमची इंदुमती कंडक्टर,
देगलूरच्या गाडीत सख्ख्या मामाला तिकीट फाडते
आणि इथं सरळ विनातिकीट!

चौघी चोर. एकीचा दुसरीला पत्ता नाही.

बरणीतली चौथी मात्र
मी भिंगाखाली धरली नाही.
कॅलेंडरचा कपटा होता, मागं दुधाचा हिशोब:
अर्धा, अर्धा, खाडा, अर्धा.
काही प्रकरणं
तपास करणारीनंच दाबलेली बरी.

पण मग नसीमची स्वतःची चिठ्ठी कुठंय?
पुन्हा सगळ्या पसरल्या.
माझं नाव दोनदा.
एक माझ्या हातचं, ओळ सोडून खाली घसरलेलं.
दुसरं बारीक, टाके घातल्यासारखं सरळ.
उजव्या कडेला पेन टेकल्याचा एक ठिपका,
शाळा उर्दूची ना,
मग आठवण होऊन डावीकडून:
कुशावर्ता.

म्हणजे हिनं मोटर तशीच जळकी ठेवून
माझ्या डोळ्यांवर डाव लावला होता.
दूध उतू गेलं. दिसलं नाही, नुसतं ऐकू आलं.

दार वाजलं. तीच. डबा विसरली होती.
"अंधारात काय हुडकलालाव काकू?"
"काही नाही गं, सुई."
"आणा इकडं, मी ओवते."
पदराखाली बारा चिठ्ठ्या
आणि मी घरभर नसलेली सुई शोधत हिंडले
तिच्यासोबत, पाऊण तास.

पुढच्या महिन्यात जगदेवी मॅडमनी
बरणी उचलून हलवली.
"जड लागलालीय," म्हणाल्या
आणि एकदम गप्प झाल्या.
सिलिंडरवाल्या पोरानं बाही वर सारली.
दहाजणी सुशीलेतले शेंगदाणे वेचत होत्या.
माझ्याकडं
एकीनंही पाहिलं नाही.